एक अक्षर, गाडीभर शब्द: प्रकल्प नोंदी

१ जून

पहिल्या तक्त्याचं चिनी अक्षर आज ठरलं: छऽ, म्हणजे गाडी.

ठाण्यातल्या आमच्या अभ्यासगटात मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकणारी बहुतेक मंडळी मराठी माध्यमातून शिकलेली आहेत आणि हाताशी असलेली पुस्तकं मात्र इंग्रजी. त्या पुस्तकांत प्रत्येक धड्यामागे सुट्या शब्दांची यादी असते. ती घोकायची, आठवड्याभरात विसरायची आणि पुन्हा घोकायची. चिनी शब्द खरं तर असे सुटे नसतात. एक अक्षर पक्कं धरलं की त्याच्यामागून शब्दांची रांग चालत येते. ही रांग भिंतीवर दिसावी, म्हणून एका अक्षराला एक मोठा तक्ता आणि सोबत छोटी पुस्तिका, असं काम हाती घेतलं आहे.

आणखी दोन अक्षरं स्पर्धेत होती. 'त्येन' म्हणजे वीज. विजेचं बोलणं म्हणजे टेलिफोन, विजेचा मेंदू म्हणजे संगणक, विजेच्या सावल्या म्हणजे सिनेमा. दुसरं 'हुओ', म्हणजे आग. आगीचा डोंगर म्हणजे ज्वालामुखी, आगीचा तारा म्हणजे मंगळ आणि आगीचा बाण म्हणजे रॉकेट, ज्याला आपणही अग्निबाणच म्हणतो. दोन्ही अक्षरं गोड आहेत. पण वीज या अर्थाने त्येनचे शब्द गेल्या पावणेदोनशे वर्षांतले. छऽ तीन हजार वर्षं रस्त्यावर आहे. शांग या प्राचीन चिनी राजवटीच्या युद्धरथापासून मोबाइलवर बोलावलेल्या टॅक्सीपर्यंत सगळं त्याने वाहिलं आहे. शिवाय मराठीत 'गाडी' हा शब्द अगदी असाच वागतो, त्यामुळे सुरुवात इथूनच.

मूळ चिनी अक्षरं तक्त्यावर येतील. या नोंदींत उच्चारच लिहिते.

४ जून

लिप्यंतराचे नियम आज लिहून काढले. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पिनयिन ही पद्धत आम्ही सगळे वापरतो, पण ती इंग्रजी अक्षरांच्या सवयीने वाचली की घोटाळा होतो. पिनयिनमध्ये जिथे 'बी', 'डी', 'जी' असतं तिथे उच्चार प, त, क. जिथे 'पी', 'टी', 'के' तिथे फ, थ, ख. इंग्रजीतून येणाऱ्याला हा श्वासाचा फरक महिनोन्महिने छळतो. आपल्या जिभेवर क-ख, च-छ, त-थ, प-फ या जोड्या लहानपणापासून वेगळ्या बसलेल्या असतात. मग देवनागरी सोडून रोमनच्या आडवाटेने जायचं कशाला?

मराठीचा तर आणखी एक फायदा आहे. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च आपण वेगळे म्हणतो. मँडरिनलाही ते दोन्ही लागतात. हिंदीभाषकाला इथे अडखळायला होतं, आपल्याला नाही.

नियम असे ठरले. दंततालव्य च आला की पुस्तिकेत त्याखाली टिंब. 'फॅन'मधला फ असेल तर नुक्ता, म्हणजे फ़. 'अ'सारखा पण घशाच्या जरा मागून येणारा स्वर अवग्रहाने लांबवायचा: छऽ. सूर चार आहेत, ते अक्षराच्या डोक्यावर १ ते ४ या अंकांनी. छऽचा सूर पहिला: वरच्या पट्टीत सुरू करून तिथेच सपाट धरायचा.

९ जून

आजचा दिवस फक्त अक्षराच्या आकृतीसाठी ठेवला होता.

जुनं, पूर्ण रूप सात रेघांचं. मधोमध एक चौकट, तिच्या पोटात आडवी रेघ. चौकटीच्या वर एक आडवी रेघ, खाली एक. आणि या सगळ्याला आरपार छेदून जाणारी लांब उभी रेघ. पहिल्यांदा बघणाऱ्याला यात गाडी दिसत नाही, कारण आपण गाडी बाजूने काढतो. ही वरून बघितलेली आहे आणि उभी केलेली आहे. चौकट म्हणजे बसायची जागा, वरची आणि खालची रेघ म्हणजे दोन चाकं, उभी रेघ म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आस. एवढं सांगितलं की अक्षर पुन्हा विसरता येत नाही.

हेनान प्रांतात आन्यांगजवळ शांग राजवटीच्या शेवटच्या राजधानीचे अवशेष आहेत. तिथे सापडलेल्या भविष्यकथनाच्या हाडांवर हे अक्षर कोरलेलं आहे आणि तिथे तर ते चित्रच आहे: दोन गोल चाकं, आस, पुढे गेलेली दांडी आणि टोकाला जू. त्याच परिसरात घोड्यांसह पुरलेले खरे रथही खड्ड्यांत सापडले आहेत. चित्र आणि वस्तू दोन्ही एकाच मातीतून वर यावीत, असा योग फार थोड्या अक्षरांच्या वाट्याला येतो.

१९५६ च्या सुलभीकरणानंतर चीनमध्ये चार रेघांचं रूप चालतं. ते भरभर लिहिण्याच्या जुन्या वळणातून आलं आहे. क्रम असा: वर छोटी आडवी, मग डावीकडे तिरपी उतरून कोपऱ्यात उजवीकडे वळणारी, मग लांब आडवी आणि शेवटी वरून खाली उभी. पण हेच अक्षर दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला बसलं की क्रम बदलतो. उभी रेघ आधी येते आणि शेवटची आडवी रेघ उजवीकडे वर चढत जाते, म्हणजे हात लगेच पुढच्या भागाकडे वळतो. लिहिणाऱ्या हाताची सोय अशी नियमात शिरलेली आहे. तक्त्यावर दोन्ही क्रम बाणांसह दाखवायचे. तैवान आणि हाँगकाँगमध्ये सात रेघांचं रूपच चालतं, तेव्हा शीर्षकात दोन्ही रूपं शेजारी-शेजारी.

१४ जून

पहिला गठ्ठा: छऽ शब्दाच्या शेवटी.

न्योछऽ: बैल आणि गाडी, बैलगाडी. माछऽ: घोडा आणि गाडी, घोडागाडी. हुओछऽ: आग आणि गाडी, आगगाडी.

या तीन ओळी शेजारी लिहिल्या आणि काही वेळ नुसती बघत राहिले. समजावून सांगण्यासारखं काही उरतच नाही. मराठीत तत्पुरुष समासात शेवटचं पद मुख्य असतं: बैलगाडी ही गाडी असते, बैल नव्हे. चिनीतही तसंच. शेवटचं अक्षर वस्तू कोणती ते सांगतं, आधीचं ती कुठल्या प्रकारची ते सांगतं. हा नियम इंग्रजी पुस्तकात पानभर समजावलेला असतो. आमच्या तक्त्यावर त्याला एक ओळ पुरेल.

आगगाडीची गोष्ट पुस्तिकेत सविस्तर घेते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. चीनमध्ये शांघाय ते वूसोंग हा मार्ग १८७६ मध्ये एका ब्रिटिश व्यापारी कंपनीने सुरू केला आणि तेव्हाच्या छिंग राजवटीने तो विकत घेऊन १८७७ मध्ये उखडून टाकला. सुरुवातीला चिनी लोक तिला 'हुओलुनछऽ' म्हणत, आगीच्या चाकांची गाडी. पुढे मधलं चाक गळालं. आपल्याकडे आगगाडी, आगीनगाडी, आगबोट; तिकडे हुओछऽ. दोन्हीकडच्या माणसांनी या नव्या यंत्रात आधी काय पाहिलं? रूळ नव्हेत, वाफ नव्हे, तर पुढच्या डब्यातली धगधगती भट्टी. आज दोन्हीकडे विजेवर गाड्या धावतात आणि शब्दातली आग विझलेली नाही.

याच गठ्ठ्यात त्येनछऽ, विजेची गाडी, म्हणजे ट्राम. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, शांघायमध्ये १९०८ मध्ये. पेइचिंगची ट्राम घंटा वाजवत यायची म्हणून लोक तिला तांगतांगछऽ म्हणू लागले. ही थेट आपल्या झुकझुकगाडीची बहीण. दोघींना शेजारच्या चौकटी.

१५ जून

सुरांसाठी याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. हुओछऽमधला 'हुओ' तिसऱ्या सुरात म्हटला, म्हणजे खाली बुडवून, तर आगगाडी. चौथ्या सुरात, वरून झटक्यात खाली आणला, तर माल वाहणारी गाडी, बहुधा ट्रक. अक्षर वेगळं, देवनागरी तेच. तक्त्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक, अंक मोठे आणि लाल.

२१ जून

भाच्याला कार्डं वाचायला दिली. तो चिनी शिकत नाही, म्हणूनच दिली. शेवटी छऽ म्हणजे गाडीचा प्रकार, एवढंच सांगितलं होतं. बैलगाडी, घोडागाडी, ट्राम भराभर झाली. मग त्याने एक कार्ड वर धरलं.

"मावशी, ही तूछऽ कसली गाडी?"

"ती गाडी नाही. तू म्हणजे तुंबणं. तूछऽ म्हणजे रस्ता गाड्यांनी तुंबणं."

"मग शेवटी गाडी कशाला?"

प्रश्न बरोबर आहे आणि पुस्तिकेत त्याचं उत्तर हवं. शांगछऽ म्हणजे गाडीत चढणं, श्याछऽ म्हणजे उतरणं, खाइछऽ म्हणजे गाडी चालवणं, थिंगछऽ म्हणजे गाडी लावणं. इथे पहिलं अक्षर क्रियापद आहे आणि छऽ त्याचं कर्म. मराठीत कर्म आधी, क्रियापद नंतर: 'गाडी चालवणं'. चिनीत उलट. म्हणजे नामांचे समास आपल्या कानाला सरळ आणि क्रियापदांच्या जोड्या उलट्या. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसासाठी हीच सगळ्यात मोलाची खूण आहे आणि इंग्रजी पुस्तकांत ती असायचं कारणच नाही, कारण इंग्रजीतही क्रियापद आधीच येतं.

काही शब्द दोन्हीकडे बसतात. थ्वेइछऽ: ढकलायची गाडी, म्हणजे ढकलगाडी, आणि गाडी ढकलणं. शाछऽ: ब्रेक लावणं आणि ब्रेकही. वाक्यात पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा कार्डांना दोन रंगांची किनार.

निर्णय: शब्द वर्णक्रमाने लावायचे नाहीत आणि छऽ कुठे आहे एवढं पाहूनही लावायचे नाहीत. छऽ त्या शब्दात काय काम करतो, त्यावर लावायचे. आधीची मांडणी मोडून कार्डं पुन्हा लावली.

२८ जून

छऽ आधी येणारे शब्द. यात फार गुंतागुंत नाही. छऽचान म्हणजे स्थानक, छऽफ्याओ तिकीट, छऽलुन गाडीचं चाक, छऽखू गाडी ठेवायची जागा, छऽफ़ू गाडीवान. मराठीत गाडीवान, गाडीतळ, गाडीभाडं. दोन्ही रांगा समोरासमोर लावल्या की झालं.

५ जुलै

आज छऽचा अर्थच रुंद झाला.

फ़ांगछऽ म्हणजे चरखा. चरख्यावर कोणी बसत नाही, तो कुठे जात नाही. श्वेइछऽ, पाण्याची छऽ, म्हणजे शेताला पाणी उपसून देणारा रहाट. फ़ंगछऽ, वाऱ्याची छऽ, म्हणजे पवनचक्की. लहान मुलांचं भिरभिरंही तेच. छऽछ्वांग म्हणजे लेथ, शब्दशः छऽचा पलंग. आणि छऽच्येन म्हणजे कारखान्यातला कामाचा विभाग, जिथे यंत्रं चालतात ती जागा.

म्हणजे छऽला नुसतं 'वाहन' म्हणून चालणार नाही. जे आसाभोवती फिरतं आणि काम करतं ते छऽ. त्यातलं जे जमिनीवरून पुढे जातं ते वाहन, जे एका जागी फिरतं ते यंत्र. चरखा, रहाट, पवनचक्की, लेथ यांना मराठीत चार वेगळी नावं आहेत. त्यांच्यातलं नातं आपल्याला यंत्र उघडून बघितल्यावर कळतं. चिनी मुलाला ते नाव वाचतानाच दिसतं. गाडीशी आपण घेतलेली मराठीची जोडी इथे संपते आणि ती संपते तेही तक्त्यावर दिसलं पाहिजे. या गठ्ठ्याला हिरवा रंग आणि समोर मराठी जोडीशब्द नाही, फक्त अर्थ.

यातच बुद्धिबळ घेतलं. श्यांगछी या चिनी बुद्धिबळात हेच अक्षर असलेली सोंगटी आहे. ती आपल्या हत्तीसारखी सरळ रेषेत, वाट मोकळी असेल तितकी धावते. मात्र त्या सोंगटीवर छऽ न वाचता 'च्यू' वाचायचं. जुना उच्चार पटावर टिकला आहे.

१२ जुलै

इतर अक्षरांच्या आत बसलेला छऽ. हे शब्द नव्हेत, अक्षरं आहेत, पण वगळणं जिवावर आलं. तक्त्याच्या खालच्या पट्टीत घेते.

छपराखाली छऽ: खू, म्हणजे कोठार. मुळात युद्धरथ ठेवायची जागा. आजचा छऽखू म्हणजे मोटारीची जागा, म्हणजे रथ पुन्हा आपल्या कोठारात गेला. छऽवर झाकण: च्युन, सैन्य. चालण्याच्या खुणेवर छऽ: ल्येन, जोडणं, सलग असणं. आणि तीन छऽ, एक वर आणि दोन खाली: हुंग, म्हणजे गडगडाट. तीन रथ एकदम दगडी रस्त्यावरून गेले की जो आवाज होईल तो. सुलभ रूपात खालच्या दोन गाड्या काढून तिथे दुसरी खूण घातली आहे. रेघा वाचल्या हे मान्य, पण मी तक्त्यावर तीन रथांचंच मोठं काढणार.

डाव्या अंगाला छऽ असलेली दोन अक्षरं मला सगळ्यांत जवळची वाटली: लुन म्हणजे चाक आणि च्वान म्हणजे फिरवणं. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा धर्मचक्राला 'फ़ालुन' हा शब्द आला आणि धर्मचक्र प्रवर्तनासाठी त्याआधी च्वान लावलं. म्हणजे चक्र आणि प्रवर्तन या दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला एकेक गाडी उभी आहे. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला जे शब्द लाखोंच्या कानी पडले, तेच चिनी वाचकाच्या डोळ्यांपुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ असे दोन गाड्यांसह येत आहेत.

बौद्ध भिक्षू कुमारजीवाने ४०६ मध्ये छांगआनला (आजच्या शीआनला) केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या भाषांतरात जळत्या घराचा दृष्टांत आहे. आत मुलं खेळात रमलेली, घराला आग लागलेली, आणि बाप त्यांना बाहेर काढण्यासाठी सांगतो, दारात तुमच्यासाठी गाड्या आणल्यात: यांगछऽ, लूछऽ, न्योछऽ. बोकडाची गाडी, हरणाची गाडी, बैलगाडी. एका वाक्यात आमच्या पहिल्या गठ्ठ्यातली तीन कार्डं. पुस्तिकेत पहिला वाचनपाठ हाच.

१३ जुलै

कालच्या अक्षरांत क्वेइ राहिलं होतं: डावीकडे छऽ, उजवीकडे नऊ हा आकडा, तो फक्त उच्चारासाठी. अर्थ चाकोरी. आज रूळ या अर्थीही हेच अक्षर.

इ.स.पू. २२१ मध्ये चीनचा पहिला सम्राट छिन शऽ ह्वांग याने सगळी राज्यं जिंकून एक केली तेव्हाचं वचन प्रसिद्ध आहे: गाड्यांची चाकोरी एक, लेखनाची लिपी एक. गाडी आणि अक्षर एकाच दमात. उत्तर चीनची पिवळी माती मऊ, तिच्यात चाकं खोल रुततात. एकदा चाकोरी पडली की त्याच मापाची गाडी तिच्यातून नीट जाते, दुसऱ्या मापाची अडकते. प्रत्येक राज्याच्या आसाची लांबी वेगळी असेल तर सीमेवर गाडी थांबणार. म्हणून आसाचं माप ठरवणं हा राज्य जोडण्याचा भाग झाला. शीआनजवळ या सम्राटाच्या थडग्यापाशी १९८० मध्ये दोन ब्राँझचे रथ सापडले, खऱ्याच्या साधारण निम्म्या आकाराचे, प्रत्येकी चार घोड्यांचे. त्यांवरून अक्षरातली प्रत्येक रेघ पुन्हा तपासून पाहता येते.

'दार बंद करून गाडी बनवणं' ही म्हण आज जगाशी पडताळून न बघता काम करणाऱ्यासाठी वापरतात. पण मूळ म्हणीला दुसरा अर्धा भाग होता: दार बंद करून गाडी बनवली तरी बाहेर काढल्यावर चाकोरीत बसते. माप सगळीकडे एकच असल्यामुळे. म्हणजे एकेकाळी ती स्तुती होती. अर्धी म्हण तुटली आणि अर्थ उलटला.

आणि चाकोरी सोडणं! 'छूक्वेइ', चाकोरीबाहेर जाणं, म्हणजे गाडी रुळावरून घसरणं आणि संसारात बेइमानी करणंही. मराठीत चाकोरीबाहेरचा माणूस कौतुकालाही पात्र असतो. तिकडे हा शब्द कौतुकाचा नाही.

२० जुलै

सायकल. चीनमध्ये चऽशिंगछऽ, आपोआप चालणारी गाडी (हा चाकाचा च). तैवानमध्ये च्याओथाछऽ, पायाने दाबायची गाडी. दक्षिणेकडची कँटोनीज भाषा बोलणारे 'एकटी गाडी' म्हणतात, तो शब्द मँडरिनमध्ये तानछऽ असा वाचतात, आणि रस्त्यावरून भाड्याने उचलायच्या सायकली आल्यापासून तो चीनभर पसरला आहे. एका वस्तूकडे तिघांनी तीन बाजूंनी पाहिलं. गाडी मात्र तिघांनीही सोडली नाही.

परके शब्दही असेच पोटात घेतले जातात. मोथ्वोछऽमध्ये 'मोटर'चा आवाज आणि पुढे गाडी. चीफूछऽ म्हणजे जीप-गाडी. खाछऽ म्हणजे ट्रक, यातला 'खा' इंग्रजी 'कार'वरून. आवाज ओळखीचा नसला तरी शेवटचं अक्षर वाचून चिनी माणसाला वस्तूची जात कळते. आपणही 'मोटारगाडी' म्हणत होतो. आता नुसती 'कार' उरली, याची मला खंत वाटते.

२७ जुलै

शेजारचे देश. एक पान पुरेल, पण नेमकं हवं.

छीछऽ: वाफ आणि गाडी. चीनमध्ये ही मोटार. तीच दोन अक्षरं जपानीत 'किशा' वाचतात आणि अर्थ वाफेची आगगाडी. कोरियनमध्ये 'कीछा', तीही आगगाडीच. चीनमधून जपानला गेलेला माणूस स्थानकावर हा फलक वाचून मोटार शोधत बसेल. हुओछऽची दोन अक्षरं जपानीत 'काशा' होतात आणि ती मृतदेह पळवणाऱ्या राक्षसाची अग्निगाडी. 'आगीची गाडी' हा जपानी वाक्प्रचार पैशाची ओढाताण सांगण्यासाठीही वापरतात.

व्हिएतनामीत छऽचं 'से' झालं आणि जागा बदलली. त्या भाषेत मुख्य शब्द आधी, विशेषण नंतर. म्हणून आगगाडी म्हणजे 'से लुआ', गाडी-आग. सायकल 'से दाप', गाडी-दाबायची. शब्द शेजाऱ्याकडून घेतला, पण बसवला आपल्या घराच्या रीतीने.

३ ऑगस्ट

रिक्षा.

१८६९-७० च्या सुमारास जपानात माणसाने ओढायची दोनचाकी गाडी निघाली. नाव 'जिन-रिकि-शा'. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ आणि शा म्हणजे आपला छऽच, जपानी उच्चारात. १८७० च्या दशकात ती शांघायला आली. तिचं चिनी वाचन रनलीछऽ, अक्षरं तीच. पेइचिंगकर तिला यांगछऽ म्हणत, समुद्रापलीकडून आलेली गाडी. ही जळत्या घराच्या दृष्टांतातल्या बोकडगाडीशी सुरासकट जुळते, फक्त अक्षर वेगळं. शांघायमध्ये पिवळ्या रंगावरून ह्वांगपाओछऽ.

इंग्रजीतून हा शब्द आपल्याकडे येताना पुढचा 'जिन' गळाला. उरलं रिकि-शा, म्हणजे बळ-गाडी. 'क्ष'मुळे 'रिक्षा' अस्सल संस्कृत वाटते, परीक्षा-प्रतीक्षेच्या रांगेतली. पण तो क्ष रिक् आणि शा यांच्या सांध्यावर उभा आहे. शब्दातून माणूस गळाला आणि कालांतराने गाडीपुढूनही तो गेला, इंजिन आलं. कोलकात्याच्या आणि माथेरानच्या हातरिक्षांपुढे मात्र माणूस राहिला. माथेरानच्या घाटावर घामाघूम होऊन ओढणाऱ्यांना ज्याने पाहिलंय, त्याला 'बळ' या अक्षराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तर छऽ हे अक्षर रोज ठाणे स्टेशनबाहेर रांगेत उभं असतं आणि आपण ते रोज उच्चारतो. तक्त्याच्या मध्यभागी, सात रेघांच्या मोठ्या अक्षराखालीच, 'रिक्षा' हा मराठी शब्द घालायचा ठरवला. अभ्यासगटात हे सांगितल्यावर आमच्या ज्येष्ठ सभासद काकू म्हणाल्या, "म्हणजे आम्ही सत्तर वर्षं चिनी बोलतोय की!" नव्या शिकणाऱ्याचं भय घालवायला याहून चांगलं वाक्य मला सुचणार नव्हतं. त्यांच्या परवानगीने ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर.

१० ऑगस्ट

म्हणींचं पान पूर्ण. तीनच ठेवल्या. 'पुढच्या गाडीचा धडा': पुढची गाडी उलटली की मागच्याने शहाणं व्हावं. समोर 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. 'गाडीभर लाकडांच्या आगीवर पेलाभर पाणी', ही प्राचीन तत्त्वज्ञ मेन्सियसची. आणि दुसरा तत्त्वज्ञ च्वांगचऽ याची, गाडी अडवायला पुढचे पाय उगारून उभा राहिलेला खंडोबाचा किडा. याचं चित्र काढायचं काम भाच्याने मागून घेतलं आहे.

नव्या शब्दांत वांगयुएछऽ (नेटवरून ठरवलेली गाडी, म्हणजे ॲपवरची टॅक्सी), शुनफ़ंगछऽ (वाऱ्याच्या दिशेची गाडी: त्याच बाजूला निघालेल्याने दिलेली लिफ्ट), हेइछऽ (काळी गाडी, विनापरवाना) आणि २००७ पासूनच्या वेगवान रेल्वेची तुंगछऽ घेतली. शुनफ़ंगछऽइतका सुंदर शब्द लिफ्टसाठी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेला नाही.

शेवटपर्यंत अडून राहिलेलं कार्ड फ़ानछऽ. फ़ान म्हणजे उलटणं. चीनमधल्या 'तीन राज्यां'च्या काळात (इ.स. तिसरं शतक) मा च्युन या कारागिराने सुधारलेलं, फळ्यांची माळ फिरवून पाणी वर चढवणारं यंत्र म्हणजे फ़ानछऽ. आजची तरुण मुलं तोच शब्द चारचौघांत फजिती होण्यासाठी वापरतात, कारण फ़ानछऽ म्हणजे गाडी उलटणंही. एकीकडे समास, एकीकडे क्रियापद आणि कर्म. एकीकडे यंत्र, एकीकडे वाहन. सगळे गठ्ठे या एका कार्डात एकत्र येतात. त्याला हिरवी आणि दुरंगी अशा दोन्ही किनारी दिल्या.

तक्ता उद्या छापायला जातो. पुढचं अक्षर हुओ. हुओछऽचं कार्ड तिथेही लागणार, म्हणून त्याच्या प्रती दुप्पट सांगितल्या आहेत.